लुकलुकणारा पिवळा दिवा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

किल्ली फिरवली की गाडीच्या डॅशबोर्डवर क्षणभर दिवाळी होते. लाल, पिवळे, हिरवे असे दहा-बारा दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झाले की एकेक करून विझतात. त्यांतल्या एका पिवळ्या दिव्याचे चित्र जरा विचित्र आहे. कुणाला तो पाण्याचा नळ वाटतो, कुणाला हेलिकॉप्टर. आमच्या घरातल्या एका छोट्याला त्यात पाणबुडी दिसते. खरे तर ते इंजिनाचे चित्र आहे. गॅरेजवाले त्याला 'चेक इंजिन'चा दिवा म्हणतात. आजचे बोलणे या दिव्याबद्दल आहे. त्यातही तो नुसता पेटतो तेव्हाबद्दल कमी आणि लुकलुकतो तेव्हाबद्दल जास्त.

मी बी. ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. कविता करतो. मी इंजिनावर बोलणार हे कळल्यावर आमच्या ओळखीचे मेस्त्री हसले. पण गेल्या वर्षी मार्च महिन्यात या दिव्याने मला एक धडा दिला आणि त्याची फी मी भरलेली आहे. तेवढा अधिकार मला आहे असे समजा.

झाले असे. आचऱ्याला नात्यात एक निकाह होता. दुपारचे जेवण आटोपून मी, माझी पत्नी आणि थोरली बहीण, जिला आम्ही बुबू म्हणतो, असे तिघे मिठबावमार्गे देवगडकडे निघालो. कुणकेश्वरला थांबून कोकम सरबत घेतले. महाशिवरात्रीची जत्रा होऊन थोडेच दिवस झाले होते, दुकानांचे मांडव अजून निघायचे होते. समोर समुद्र, उजेड लख्ख. गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा पिवळा दिवा पेटलेलाच होता. तो दहा-बारा दिवसांपासून पेटलेला असल्याने त्याचे मला काही वाटेनासे झाले होते.

कुणकेश्वरहून वर कातळावर जायची चढण सुरू झाली आणि दिवा लुकलुकायला लागला. त्याच वेळी गाडीला हुडहुडी भरल्यासारखी झाली. वेग मिळेना. बुबू मागून म्हणाली, "अरे, काहीतरी वाजतेय, थांबव." मी म्हणालो, "चढण संपू दे, मग बघू." आणि शहाण्या माणसाने जे करू नये ते मी केले. गियर खाली घेऊन ॲक्सिलरेटर दाबत राहिलो. तीन-चार किलोमीटर गाडी तशीच रेटली. मग सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, तेव्हा घाबरून मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कडेला म्हणजे कुठे, तर गुडघ्याएवढ्या वाळलेल्या गवतात. पलीकडे दहा पावलांवर हापूसची बाग, झाडे फळांनी वाकलेली.

आम्ही उतरून बॉनेट उघडतो आहोत तोवर बागेतला राखणदार धावत आला. देवगडच्या बागांतून आता पुष्कळ राखणदार नेपाळी असतात, तसाच हाही. लांबूनच ओरडला, "चाचाजी, गाडी घास से हटाओ! नीचे धुआँ है!" वाकून पाहिले तर गाडीच्या पोटाखालचे गवत खरोखरच धुमसत होते. गाडी न्यूट्रलला टाकून आम्ही सगळ्यांनी मिळून ती डांबरावर ढकलली. साठीची बुबूसुद्धा रेटा देत होती. तेवढ्यात गवताने पेट घेतला. राखणदाराने फवारणीच्या पिंपातले पाणी आणून ओतले, ओल्या फांदीने झोडपले, आणि दोन खाटांएवढी जागा काळी करून आग थांबली. वारा समुद्राकडून बागेकडे होता. आणखी पाच मिनिटे गेली असती तर काय झाले असते, हे कोकणातल्या बागायतदाराला सांगायला नको. उन्हाळ्यात कातळावरचे गवत पेटून कलमे होरपळल्याच्या बातम्या दरवर्षी आपण वाचतो.

डॅशबोर्डवरच्या एवढ्याशा दिव्याचा आणि गवत पेटण्याचा काय संबंध, हे मला त्या दिवशी कळले नाही. नंतर विचारून, वाचून जे समजले ते सांगतो.

माझे मामू मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी चालवायचे. तीच काळी-पिवळी, जिने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांचा कायमचा निरोप घेतला. मामूंच्या गाडीत कसला कॉम्प्युटर असणार! ते इंजिन कानाने ऐकायचे. "मिसिंग मारतेय," म्हणायचे आणि प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे. हा 'मिसिंग' शब्द आजही प्रत्येक गॅरेजमध्ये आहे, आणि आपल्या विषयाचा गाभा त्यातच आहे.

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरात हवा आणि पेट्रोलची वाफ येते, दट्ट्या ती दाबतो, प्लगमधून ठिणगी पडते, स्फोट होतो आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. चार सिलिंडरच्या गाडीत हे काम पाळीपाळीने चालते. बहुतेक गाड्यांत आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो, चौघांचे मिळून १०० ठोके. माझ्यासारख्याला हे लगेच पटते, कारण हे वृत्तच आहे. मात्रा ठरलेल्या, क्रम ठरलेला. त्यातला एक सिलिंडर पेटला नाही की ओळीतली एक मात्रा गळते. गाडीला हुडहुडी भरते ती त्यामुळे. हेच मिसिंग.

मामूंच्या काळात मिसिंग म्हणजे ताकद कमी आणि पेट्रोल जास्त, एवढेच नुकसान होते. आजच्या गाडीत नुकसान वेगळ्याच ठिकाणी होते. ठिणगी पडली नाही तरी पेट्रोल सिलिंडरात आलेले असतेच. ते न जळता, बरोबरच्या हवेसकट, सायलेन्सरच्या नळीत जाते. आणि त्या नळीत वाटेवर एक डबा बसवलेला असतो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात.

या डब्यात चिनी मातीसारख्या पदार्थाचे मधाच्या पोळ्यासारखे जाळे असते. एका चौरस इंचात ४०० च्या आसपास बारीक नळ्या. त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिघांचे रूपांतर इथे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन यांत होते. हे काम करायला डबा तापलेला लागतो. ४०० ते ८०० अंश सेल्सिअस हा त्याचा नेहमीचा संसार. पण न जळलेले पेट्रोल आणि हवा त्यात येऊ लागली, की जे जळण सिलिंडरात व्हायला हवे होते ते या डब्यात होते. आतली उष्णता १,००० अंशांच्या पलीकडे जाते. आधी लेप मरतो, मग जाळे वितळून त्याचा गोळा होतो, नळी तुंबते आणि गाडी चालेनाशी होते. हा डबा पुष्कळ गाड्यांत नेमका गाडीच्या पोटाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. खाली वाळलेले गवत असेल तर पुढचे तुम्हीच ओळखा. माझ्या गाडीने विडी शिलगावावी तसे गवत शिलगावले होते.

म्हणूनच लुकलुकणे. ही युक्ती कुणा एका कंपनीची लहर नाही, कायद्याची भाषा आहे. युरोपच्या १९९८ सालच्या नियमांतच लिहिलेले आहे, की कन्व्हर्टरला इजा होईल इतके मिसिंग चालू असेल तोवर दिव्याने वेगळ्या रीतीने, उदाहरणार्थ लुकलुकून, इशारा द्यावा. आपल्याकडचे नियम त्याच वळणाचे आहेत. म्हणजे पिवळा दिवा स्थिर पेटला तर अर्थ असा: काहीतरी बिघडले आहे, येत्या दोन-चार दिवसांत दाखवा. तोच लुकलुकला तर अर्थ असा: या क्षणी नुकसान होते आहे. देवगडच्या किल्ल्यावर दीपगृह आहे. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची लय वेगळी ठेवलेली असते आणि खलाशी त्या लयीवरून आपण कुठे आहोत ते ओळखतो. आम्ही किनाऱ्यावरची माणसे हे लहानपणापासून जाणतो, आणि तरी हातभर अंतरावरच्या दिव्याची लय मला वाचता आली नाही.

कुणकेश्वरच्या देवळाची दंतकथा तर साऱ्या कोकणाला ठाऊक आहे. वादळात सापडलेल्या एका मुसलमान व्यापाऱ्याला गलबतावरून किनाऱ्यावर एक दिवा दिसला, त्याने नवस केला, वाचला आणि देऊळ बांधले, अशी ती कथा. देवळाजवळ त्याची म्हणून एक कबरही दाखवतात. खरेखोटे इतिहासकारांनी बघावे. मला त्या दिवशी एवढेच वाटले, की त्याने दिवा बघून तारू वळवले आणि मी त्याच गावच्या चढणीवर दिवा बघून ॲक्सिलरेटर दाबला.

हा दिवा गाडीत आला कसा, तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत लॉस एंजलिस शहरावर १९४० च्या दशकात एक डोळे चुरचुरवणारे धुके पसरू लागले. ते कशाचे, यावर वाद चालले होते. तिथे आरी हागेन-स्मिट नावाचा डच वंशाचा एक रसायनशास्त्रज्ञ अननसाला वास कशामुळे येतो यावर काम करीत होता. हापूसच्या मुलखातल्या माणसाला हा शास्त्रज्ञ ताबडतोब आवडावा! वास पकडायची तीच विद्या त्याने शहराच्या हवेला लावली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले, की मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या धुरावर ऊन पडून हे धुके तयार होते. पुढे कॅलिफोर्नियात हवेच्या शुद्धतेसाठी मंडळ नेमले गेले, त्याचा पहिला अध्यक्ष तोच झाला. याच मंडळाने गाड्यांना सांगितले, की धूर बिघडला तर तो गाडीने स्वतः ओळखावा आणि चालकाला दिवा दाखवावा. १९८८ पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत त्याची सुरुवात झाली, १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच सोळा टाचण्यांचे सॉकेट आणि एकच सांकेतिक भाषा आली.

आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसे असलेल्या पेट्रोलने हा डबा निकामी होतो, म्हणून त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आले आणि २००० सालापर्यंत ते देशभर झाले. भारत स्टेज चारचे नियम २०१० मध्ये आधी तेरा शहरांत लागू झाले; त्यांत आपली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. त्याबरोबरच गाडीने स्वतःची तपासणी करण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने आली. १ एप्रिल २०१७ पासून हे नियम देशभर झाले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा. पुण्याच्या एआरएआय या संस्थेत, जी १९६६ पासून काम करते आहे, गाड्यांची अशी तपासणी होते. माझी गाडी २०१८ ची. म्हणजे तिला बोलता येत होते. मीच ऐकत नव्हतो.

आता गाडीला मिसिंग कळते कसे? इंजिनाच्या मुख्य दांड्यावर एक दातेरी चक्र असते. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दातांच्या जागेतले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे फेरा कुठे सुरू होतो ते समजते. शेजारचा सेन्सर प्रत्येक दात किती वेळाने समोरून गेला ते मोजतो. सिलिंडर पेटला की चक्राला धक्का मिळून ते कणभर वेगाने फिरते. पेटला नाही की कणभर रेंगाळते. कॉम्प्युटर हे रेंगाळणे मोजतो, आणि कोणत्या सिलिंडरच्या पाळीला ते झाले तेही लिहून ठेवतो. कन्व्हर्टरला धोका आहे का, हे तो २०० फेऱ्यांच्या हिशेबाने ठरवतो. ३,००० फेऱ्यांच्या वेगाला २०० फेरे म्हणजे अवघी चार सेकंदे. मामूंचा कान तेज होता, पण इतका नव्हे. (गंमत अशी, की खड्ड्यांतून जाताना चाकांचे हिसकेही या चक्रापर्यंत पोचतात, म्हणून खराब रस्ता ओळखून तेवढ्यापुरती ही मोजणी सैल करण्याची सोय काही गाड्यांत असते. आमच्याकडच्या रस्त्यांवर ती सोय बाराही महिने चालू राहत असेल.)

दिवा लुकलुकला तर काय करावे? पाय हलका करावा, आधी एवढेच. इंजिनावर जितका भार तितके जास्त पेट्रोल डब्यात जाते. चढणीचा, ओव्हरटेकचा, वेगाचा विचार सोडून द्यावा आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करावे. जागा डांबराची, कातळाची किंवा उघड्या मातीची हवी. गवत, पालापाचोळा, भाताचा पेंढा यांवर गाडी उभी करू नये. खाली हात घालू नये. इंजिन निवल्यावर ऑइलची पट्टी बघावी, एखादे कनेक्शन सुटलेले किंवा वायर कुरतडलेली दिसते का बघावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, हे सर्वांना माहीत असते आणि तरी दरवर्षी कुणीतरी हात भाजून घेतेच. मग गाडी पुन्हा सुरू करावी. दिवा स्थिर झाला, इंजिन गुळगुळीत चालले, तर सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. पुन्हा हुडहुडी, पुन्हा लुकलुक, तर गाडी ओढून किंवा उचलून न्यावी. त्याचे पैसे वाचवायचा मोह होतो. नव्या कन्व्हर्टरचा भाव विचारला की तो मोह जातो. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला असेल तर मात्र यातले काही नाही, तिथल्या तिथे इंजिन बंद.

एक खुलासा. डॅशबोर्डवर लुकलुकणारा प्रत्येक दिवा हा नव्हे. किल्लीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकले तर ती चोरीविरुद्धची व्यवस्था असते. काही डिझेल गाड्यांत वेटोळ्या तारेचे चित्र लुकलुकते, त्याचा अर्थ निराळा. आपल्या गाडीबरोबर आलेले पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत तसेच ठेवलेले असते, ते एकदा उघडून बघावे.

आमच्या मदतीला जामसंड्याहून एक मेस्त्री मोटरसायकलवरून आला. आय.टी.आय. झालेला तरुण मुलगा, पाठीवर पिशवी. आल्या आल्या त्याने इंजिनाला हात लावला नाही. विचारले, "चाचानू, दिवो पयल्यांदा कधी पेटलो?" मी सगळे सांगितले. महिन्यापूर्वी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केले. आठवड्याने दिवा पेटला. पुन्हा तिथेच गेलो. त्यांनी यंत्र जोडले, दिवा विझवून दिला, म्हणाले, सेन्सर आहे, होते असे कधीकधी. थोड्या दिवसांनी दिवा परत आला, आणि त्यांनी काळजी करू नका म्हटले होते म्हणून मी काळजी केली नाही. मुलाने ऐकून घेतले. "दिवो घालवल्यानी, रोग तसोच ठेवल्यानी," एवढेच म्हणाला. मग विचारले, "सर्व्हिसिंगाक इंजिन धुवन घेतलात काय?" घेतले होते. पाण्याचा जोराचा फवारा मारून. चकचकीत दिसले म्हणून मी खूशही झालो होतो.

त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडले. पडद्यावर आले: पी ०३०३. यातले ०३०० म्हणजे मिसिंग, पण नेमका सिलिंडर ठरत नाही. ०३०१ म्हणजे पहिल्याचे, ०३०२ दुसऱ्याचे, तसे ०३०३ म्हणजे तिसऱ्याचे. शिवाय ते झाले तेव्हा इंजिन किती वेगाने, किती भाराने, किती गरम चालले होते त्या क्षणाची नोंदही असते. पहिल्या गॅरेजने दिवा विझवला तेव्हा ही नोंदही पुसली गेली होती. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणारे जे करतात तेही हेच.

मला वाटले, झाले, रोग सापडला. मुलगा म्हणाला, नाही, हा पत्ता आहे. तिसऱ्या घरात भांडण आहे एवढे कळले. भांडण कशावरून ते नाही. तिथे ठिणगी पडत नसेल, पेट्रोल येत नसेल, किंवा दाबच तयार होत नसेल. यंत्राने नाव सांगितले की तो भाग बदलायचा आणि बिल करायचे, अशी पद्धत हल्ली बोकाळली आहे, आणि गिऱ्हाइकालाही ती शास्त्रीय वाटते.

त्याने पुढे जे केले ते इतके साधे होते की मला ते फार आवडले. आजच्या गाड्यांत पुष्कळदा प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. ती बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करून प्लगला देते. त्याने तिसऱ्याची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. बाकी काही हलवले नाही. नोंद पुसून इंजिन मिनिटभर चालवले. यंत्रावर आले: पी ०३०२. भांडण कॉइलबरोबर दुसऱ्या घरात गेले होते. म्हणजे दोषी तीच. ते तिसऱ्यातच राहिले असते तर त्याने प्लगची अशीच अदलाबदल केली असती, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तपासला असता, आणि सगळ्यात शेवटी सिलिंडरचा दाब मोजला असता. स्वस्त आणि सोपे आधी, महाग आणि अवघड नंतर. मामू पूर्वी चालू इंजिनावर एकेक प्लगची वायर उपटून कोणता सिलिंडर मेला ते शोधायचे. आजच्या गाडीत तसे करू नये. झटका बसतो, कॉइल आणि कॉम्प्युटर दोन्ही जाऊ शकतात, आणि तेवढा वेळ कच्चे पेट्रोल डब्यात जाते ते वेगळेच.

मग त्याने तिसरा प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. प्लगचे तोंड म्हणजे सिलिंडरची जीभ. वैद्याने बघावी तशी मेस्त्री बघतो. फिकट तपकिरी असेल तर तब्येत बरी. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळे म्हणजे ऑइल वर येते आहे, पांढरे फटक म्हणजे सिलिंडर फार तापतो आहे. माझा ओला होता आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. वरच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ होती. मुलाने खड्ड्यात टॉर्च मारला. प्लगच्या बुडाशी गंज आणि पाण्याचे डाग. इंजिन धुताना पाणी त्या खड्ड्यात उतरून राहिले होते. ठिणगीला प्लगच्या टोकापर्यंत जाण्यापेक्षा ओल्या भिंतीवरून लोखंडात उतरणे सोपे गेले. तीच तिची वाट झाली, रेघ उमटली, आणि वाट चोखाळता चोखाळता कॉइलही जळत गेली. सपाटीवर ते कसेबसे चालून जायचे. चढणीवर सिलिंडरात दाब वाढतो, ठिणगीला जास्त जोर लागतो, म्हणून नेमके तिथे ती पूर्ण हरली.

आमच्या किनाऱ्यावर या दुखण्याची आणखीही कारणे आहेत. खाऱ्या हवेने कनेक्शनच्या पितळी टाचण्यांवर हिरवट गंज चढतो. पावसाळ्यात ऊब शोधत उंदीर बॉनेटखाली बिऱ्हाड करतात आणि वायरी कुरतडतात. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली आणि टाकीत पाणी गेले तर पेट्रोलमधले इथेनॉल ते शोषून घेते. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ठिणगीला जोर जास्त लागतो, म्हणून कमजोर प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवर उघडी पडते. पेट्रोलवर गाडी बरी चालते आणि गॅसवर मिसिंग मारते, तेव्हा गॅसच्या किटला शिव्या देण्याआधी प्लग बघावेत. इंजिनला हवा नेणारी एखादी रबरी नळी फाटली तरी हेच होते. पण मेस्त्री लोकांशी बोलल्यावर माझे मत असे झाले आहे, की मिसिंगची सुरुवात बहुतेक वेळा प्लग आणि कॉइलपासूनच करावी.

पिशवीतली एक जुनी चालू कॉइल आणि कामचलाऊ प्लग बसवून त्याने आम्हाला त्या संध्याकाळी देवगडपर्यंत पोचवले. दुसऱ्या दिवशी नवी कॉइल आणि चारही प्लग नवे घातले, खड्डे कोरडे केले. मजुरी धरून साडेपाच हजारांच्या आत भागले. पण खरी धाकधूक डब्याची होती. तो वाचला का? त्यासाठी त्याने गाडी दहा किलोमीटर फिरवून तापवली आणि यंत्रावर दोन सेन्सर शेजारी शेजारी लावले. डब्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. आधीच्याचा आलेख सारखा वर-खाली उड्या मारतो. डबा चांगला असेल तर नंतरच्याचा आलेख जवळजवळ सपाट राहतो, कारण धुरातली खळबळ डब्याने पोटात घेतलेली असते. नंतरचाही पहिल्याची नक्कल करू लागला की डबा मेला. मग पी ०४२० हा आकडा येतो. आम्ही दोघे पडद्याकडे बघत बसलो होतो. वरची रेघ नाचत होती. खालची थोडी हलायची, पुन्हा सरळ व्हायची. "वाचलो," मुलगा म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, पूर्वीइतका नाही, पण चालेल. तीन महिन्यांनी पुन्हा बघूया. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हाही ती रेघ तशीच होती.

फोनला जोडायचे तसले छोटे यंत्र आता काही शे रुपयांत मिळते. मी एक घेतले आहे. त्यावर आकडा वाचता येतो, रोग ओळखता येतोच असे नाही. पण मेस्त्रीकडे जाताना आपण निदान पत्ता घेऊन जातो, आणि तो काय पुसतो आहे ते आपल्याला कळते.

राखणदाराला मी ईदच्या दिवशी शीरखुर्मा घेऊन भेटायला गेलो. काळी पडलेली जागा त्याने दाखवली. मालकाला त्याने काय सांगितले, असे मी विचारले, तर म्हणाला, सच बताया, गाड़ी गरम हो गयी थी. परवा सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा पोऱ्या पाण्याचा पाइप घेऊन आला आणि म्हणाला, "चाचा, इंजिन धुऊ?" म्हटले, "नको बाबा, फडक्याने पूस."